हिमस्खलन : आधी बचाव की आधी माघार?

हिमस्खलनात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाकडे जेमतेम दहा मिनिटे असतात. स्वित्झर्लंडमधील अपघातांच्या दीर्घ नोंदींवरून काढलेला हिशेब असा : या वेळात बाहेर काढलेल्यांपैकी दर दहांतले नऊ वाचतात, अर्धा तास उलटला की तिघांतला एक. मधल्या वीस मिनिटांत माणूस थंडीने मरत नाही, श्वास कोंडून मरतो. उतारावरून धावत आलेला बर्फ थांबताच घट्ट आवळतो. सोडलेल्या श्वासाची वाफ तोंडापुढे गोठून कवच धरते आणि वापरलेली हवाच पुन्हा पुन्हा आत घ्यावी लागते. मृतांपैकी साधारण तीन चतुर्थांश असे गुदमरून जातात. उरलेल्यांपैकी बहुतेक खडकांवर, झाडांवर आदळून किंवा कड्यावरून फेकले जाऊन दगावतात.

हेलिकॉप्टर, लष्कर, आपत्ती दल यांपैकी कोणीही दहा मिनिटांत पोचत नाही. पोचतो तो फक्त सोबत असलेला आणि स्वतः न गाडला गेलेला माणूस. म्हणून स्कीइंग, स्नोबोर्डिंग, हिवाळी गिर्यारोहण करणाऱ्यांत बचावाचे कौशल्य एकट्या मार्गदर्शकाकडे असून भागत नाही, गटातल्या प्रत्येकाकडे असावे लागते, असा दंडक आहे. या दंडकावर आक्षेपही घेतला जातो, आणि बर्फात वर्षे काढलेली माणसेही तो घेतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातले पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे, मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बर्फाचा उतार हजार किलोमीटरहून दूर. तरी विषय या जिल्ह्याला परका नाही. येथील ग्रामीण पोलीस दलातील शिपाई रफीक शेख २०१६ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, त्याआधीच्या दोन मोहिमा त्यांना अर्ध्यावर सोडाव्या लागल्या होत्या. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात कोसळलेल्या बर्फाने १६ नेपाळी कामगारांचा बळी घेतला आणि त्या वर्षीचा हंगाम संपला. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळच्या भूकंपाने पुमोरी शिखराच्या बाजूचा बर्फ थेट बेस कॅम्पवर आणला. जिल्ह्यातून फौजेत गेलेली मुले काश्मीर आणि सियाचिनमध्ये चौक्या सांभाळतात, आणि अलीकडे डिसेंबर-जानेवारीत मनाली, गुलमर्ग, औलीची सहल हा मध्यमवर्गीय घरांचा रिवाज होऊ लागला आहे.

पुढील संवादातले दोघे पाचोडचे कल्पिलेले रहिवासी आहेत. एक निवृत्त सुभेदार, नोकरीची उमेदीची वर्षे बर्फाळ सीमेवर काढलेले. दुसरे क्रीडाशिक्षक, विद्यार्थ्यांना हिमालयातल्या शिबिरांना नेणारे. त्यांच्याकडे दोन व्यक्तींपेक्षा दोन भूमिका म्हणून पाहावे.

"सर, तुमच्या पोरांना विहिरीत पडलेल्याला वर काढता येतं का?" सुभेदारांचा पहिला प्रश्न. "साप चावल्यावर काय करायचं, वीज कडाडायला लागली की कुठं थांबायचं, ते येतं का? आपल्याकडं माणूस त्यानं मरतो. बर्फानं नाही मरत."

"ते शिकवतोच," क्रीडाशिक्षक म्हणतात. "पण पोरं मनालीला जातात तेव्हा विहीर इथंच राहते, सुभेदारसाहेब. तिथं जे मारणार आहे ते शिकायला नको?"

"तिथं मारणाऱ्यापासून लांब राहायला शिकवा. उकरून काढायला नंतर."

वादाचा गाभा या एका उत्तरात आहे, आणि तो समजण्यासाठी बर्फ घसरतो कसा हे पाहावे लागते.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षाव, प्रत्येक वारा, उन्हाचा प्रत्येक दिवस आपला वेगळा थर ठेवून जातो. काही थर एकमेकांना धरून राहतात, काही धरत नाहीत. कडाक्याच्या थंडीत निरभ्र रात्री पृष्ठभागावर दहिवराचे मोठे, ठिसूळ स्फटिक उगवतात. जमिनीलगतचा बर्फ वरच्यापेक्षा उबदार असला की आतल्या आत बाष्प वर सरकते आणि कण टोकदार, सुटे होतात. असा दुबळा थर पुढच्या बर्फाखाली गाडला जातो आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. खळ्यावर ज्वारी पसरून तिच्यावर रुंद फळी टाकली आणि फळीवर पाय दिला तर काय होईल, तेच इथे होते. फळी म्हणजे वरचा घट्ट बर्फ. तो एका ठिकाणी तडकला की तडा क्षणात उतारभर धावतो आणि अख्खी पाटी सुटते. जीव घेणारी बहुतेक हिमस्खलने या जातीची असतात. ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा टिकतो, त्याहून जास्त उतारावर साचण्याआधीच थोडा थोडा गळून जातो. स्की करणाऱ्याला सर्वांत मोह घालणारे उतारही नेमके याच पट्ट्यात येतात, हा दुर्दैवी योग.

आणखी एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. ओरडण्याने बर्फ कोसळतो ही सिनेमातली कल्पना. हौसेने बर्फात गेलेल्यांच्या जीवघेण्या अपघातांत दहांपैकी नऊ वेळा पाटी सुटते ती त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने.

"बघा, म्हणजे दोष डोंगराचा नाही," सुभेदार हा मुद्दा लगेच पकडतात. "ट्रिगर आपणच दाबतो. मग बोट ट्रिगरवर ठेवू नको एवढं शिकवलं की झालं. ते शोधायचं यंत्र, ती खुपसायची काठी, ते फावडं पोराच्या पाठीवर दिलं की त्याला वाटतं, आता काही झालं तरी सोबती काढतील. जिथून तो परत फिरला असता तिथं तो पुढं जातो."

आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेतील इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ हिमस्खलन-अपघात तपासले. त्यांना दिसले की धोक्याची उघड चिन्हे समोर असतानाही माणसे पुढे गेली, आणि त्यांत प्रशिक्षण घेतलेलेही होते. ओळखीचा उतार, ठरवलेले शिखर गाठायची घाई, गटात सर्वांत अनुभवी वाटणाऱ्यावर टाकलेला भार, दुसरा गट आधी पोचेल ही धास्ती, कोणाच्या तरी नजरेत भरायची इच्छा : निर्णय बिघडवणारी कारणे ही होती. बर्फाचे ज्ञान नव्हते असे नाही. ते वापरायची वेळ आली तेव्हा दुसरेच काही जास्त जड ठरले.

भारतातले दाखले याहून बोचरे आहेत. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन आले आणि १७ जवान दगावले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रमाचा गट 'द्रौपदी का डांडा-२' या ५६७० मीटर उंचीच्या शिखराजवळ पाटीखाली सापडला. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांत प्रशिक्षक होते, त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेल्या सविता कंसवाल होत्या.

"शिकवणारेच गेले, सर. आता बोला."

"बोलतो. डॉक्टरही आजारानं जातात म्हणून वैद्यकी बंद करत नाहीत. उत्तरकाशीतनं मी वेगळं शिकतो. इतकी माणसं एकाच वेळी एकाच उतारावर होती. धोक्याचा उतार एकेकानं ओलांडायचा, बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, हा नियम बचावाच्या तासातच पोरांच्या अंगी बाणतो. सगळेच गाडले गेले तर उकरणार कोण, हा प्रश्न फावडं हातात घेतलेल्यालाच पडतो."

येथे दोघांच्या भूमिका एकमेकींच्या जवळ येतात, पण जुळत नाहीत. सुभेदारांचा भर आज्ञेवर आहे. फौजेत उतार बंद म्हणजे बंद. चौकीला हवामानाचा इशारा येतो, वाट सोडली जात नाही, रात्री बर्फ गोठलेला असताना हालचाल होते, ऊन चढल्यावर थांबते. जवानाने स्वतः बर्फ वाचून ठरवावे अशी अपेक्षा नसते आणि ती नसावी, असे त्यांचे मत. हा इशारा देणारी यंत्रणा भारतात जुनी आहे. मनालीत १९६९ साली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था उभी राहिली. २०२० साली ती दुसऱ्या एका संरक्षण प्रयोगशाळेत विलीन होऊन डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट झाली. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंड या भागांसाठी ही संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते. इशाऱ्याच्या पायऱ्या पाच, एक सर्वांत कमी धोक्याची, पाच सर्वांत जास्त.

क्रीडाशिक्षकांना आज्ञेचे मोल मान्य आहे, पण तिची मर्यादा ते आकड्याने दाखवतात. "चार-पाचला सगळेच घरी बसतात. युरोपात सर्वांत जास्त माणसं मरतात ती तिसऱ्या पायरीवर. तीन म्हणजे मधलं, चालेल, असं वाटतं. पायऱ्यांमधली अंतरं सारखी नाहीत, प्रत्येक पायरीगणिक धोका दुणावण्यापेक्षाही जास्त वाढतो, हे कुणी सांगत नाही. शिवाय इशारा अख्ख्या खोऱ्याला असतो. समोरच्या उताराला नसतो."

समोरचा उतार वाचण्याच्या खुणा फार गूढ नाहीत. त्याच दिशेच्या शेजारच्या उतारावर नुकतेच हिमस्खलन झालेले दिसणे, हा सर्वांत मोठा इशारा डोंगराने स्वतःच दिलेला असतो. चालताना पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज होऊन बर्फ खचणे, स्कीच्या टोकापासून चिरा धावणे, गेल्या एक-दोन दिवसांतला जोराचा हिमवर्षाव, वाऱ्याने धारेपलीकडे रचलेला बर्फ आणि अचानक चढलेले ऊन ही आणखी चिन्हे. उताराचा कोन मोजायचे साधन आता मोबाइलमध्येही असते. पण या खुणा दिसूनही माघार घेणे हे कौशल्य वेगळे, आणि त्याचा सराव वर्गात होत नाही. संभाजीनगरच्याच गिर्यारोहक मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टच्या माथ्याखाली अवघ्या १७० मीटरवरून खराब हवामानामुळे परतल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन माथा गाठला. तिथे प्रश्न हिमस्खलनाचा नव्हता. तरी सुभेदार दाखला म्हणून हेच नाव घेतात. "तुमच्या पोरांना त्यांचं २०१८ सांगू नका," ते म्हणतात. "२०१७ सांगा."

आता बचाव. बर्फात उतरणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू असाव्या लागतात : ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे. तिन्हींतली एक नसली तर उरलेल्या दोन जवळपास निरुपयोगी ठरतात.

ट्रान्सीव्हर हे छातीला पट्ट्याने बांधायचे छोटे यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सतत स्पंदने सोडणारे. सगळ्या कंपन्यांची यंत्रे याच वारंवारितेवर चालतात, त्यामुळे कोणाचेही यंत्र कोणालाही शोधू शकते. निघण्यापूर्वी गटप्रमुख एकेकाला समोरून चालायला लावून प्रत्येक यंत्र सोडण्याच्या स्थितीत आहे हे तपासतो. हे दोन मिनिटांचे काम टाळण्याची प्रवृत्ती दुसऱ्या दिवसापासूनच दिसू लागते. मोबाइल आणि इतर विद्युत उपकरणे यंत्रापासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवावी लागतात, शोध घेताना ५० सेंटिमीटर. खिशातल्या चुंबकी बटणानेही घोटाळा होतो.

हिमस्खलन थांबताच पहिले काम धावण्याचे नसते, पाहण्याचे असते. माणूस शेवटचा कुठे दिसला, वरून आणखी बर्फ येण्याची शक्यता आहे का, किती जण गायब आहेत. मग उरलेले सर्व जण आपापली यंत्रे शोधण्याच्या स्थितीत नेतात. एकाने विसरून यंत्र सोडण्याच्या स्थितीत ठेवले तर शोधणारे त्या जिवंत सोबत्याकडेच वळत राहतात. शेवटच्या दिसलेल्या जागेखालचा भाग पट्ट्यापट्ट्याने चालायचा, नजर पृष्ठभागावर ठेवायची : हातमोजा, स्कीची काठी, कधी कधी हाताची बोटेच वर असतात.

सिग्नल मिळाला की नवशिका गोंधळतो, कारण यंत्र सरळ नेत नाही. चुंबकी क्षेत्राच्या रेषा वाकड्या असतात आणि यंत्रावरचा बाण त्या रेषेने वळसा घालत नेतो. यंत्रावरचा आकडा कमी होत जाणे एवढेच पाहायचे. साधारण तीन मीटरवर आल्यावर धावणे बंद. यंत्र बर्फाला टेकवून, दिशा न बदलता, हळूहळू आडवे-उभे फिरवून सर्वांत लहान आकडा शोधायचा. इथे घाई केलेला माणूस पुन्हा मागे जाऊन सुरुवात करतो आणि मिनिटे जातात.

मग प्रोब, म्हणजे जोडून अडीच-तीन मीटर होणारी बारीक नळी. सर्वांत लहान आकड्याच्या जागेपासून २५ सेंटिमीटरच्या अंतराने चक्राकार, आणि उताराला काटकोनात खुपसायची. बर्फ, जमीन आणि माणूस यांचा स्पर्श वेगवेगळा लागतो. माणूस लागला की प्रोब तिथेच ठेवायची, उपटायची नाही. ती खोलीही सांगते आणि जागाही.

सर्वाधिक वेळ खातो तो खोदण्याचा टप्पा, आणि प्रशिक्षणात सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. एक मीटर खोल गाडलेल्या माणसाला मोकळे करायला एक टनाहून अधिक बर्फ हलवावा लागतो. प्रोबच्या शेजारी उभे राहून सरळ खाली खड्डा घेतला तर माणसाच्या श्वासाची पोकळी पायाखाली चिरडली जाते, आणि बाहेर टाकलेला बर्फ परत आत येतो. म्हणून उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून आडवे आत शिरायचे. माणसे जास्त असतील तर इंग्रजी 'व्ही'च्या आकारात उभी राहतात. टोकाचा माणूस तोडतो, मागचे बर्फ मागे ढकलतात, आणि एकदोन मिनिटांनी सगळे आपली जागा बदलतात. फावडे धातूचे हवे. प्लास्टिकचे थिजलेल्या बर्फावर तुटते.

"सगळं खरं," सुभेदार म्हणतात. "पण मी खोदलेलं आहे. दहा मिनिटं म्हणता, पण धाप लागते, हात वळतात, दुसरा रडत असतो. तिथं व्ही नसतो, एबीसीडी काहीच नसतं."

क्रीडाशिक्षक याचे खंडन करत नाहीत. ते एवढेच म्हणतात की म्हणूनच ते आधी हाताला येऊन बसलेले असावे लागते. "आणि एक गंमत सांगू? पोरांना मी एकदा खरोखर मीटरभर खोदायला लावतो. ज्यानं घड्याळ लावून खोदलं, तो दुसऱ्या दिवशी उतारावर सगळ्यांत आधी म्हणतो, सर, इथनं नको जाऊ या."

या प्रश्नावरचे उत्तर बहुधा इथेच आहे. वाचवण्याचा सराव माणसाला धीट करतो हा सुभेदारांचा आक्षेप, साधन नुसते पाठीवर असेल तर खरा ठरतो. घड्याळ लावून केलेला सराव मात्र उलट काम करतो. आपण चांगला प्रयत्न केला तरी किती जण हातचे जातील, याचा अंदाज पुस्तकापेक्षा फावडे लवकर देते. त्यामुळे बचाव आधी की माघार आधी, हा प्रश्न शिकवण्याच्या क्रमाचा आहे, एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा नाही. ज्या अल्पावधीच्या शिबिरांत साधने वाटून, यंत्राचा एक खेळ घेऊन प्रमाणपत्र दिले जाते, त्या ठिकाणी सुभेदारांची भीती पूर्णपणे लागू पडते.

पाचोडमध्ये यातले काय शिकता येते? ट्रान्सीव्हरच्या शोधाला बर्फ लागत नाही. चालू यंत्र पिशवीत घालून नांगरलेल्या रानात किंवा गोदावरीच्या वाळूत पुरले तरी वाकडी वाट, तीन मीटरवरची संथ गती आणि आडवा-उभा शोध हे सगळे जसेच्या तसे होते. प्रोबचा सरावही वाळूत होतो. यंत्रे महाग आणि आयात केलेली असल्याने ती विकत घेण्यापेक्षा गिर्यारोहण संस्थांकडून भाड्याने मिळवणे व्यवहार्य. थर वाचणे, 'धप्प' ऐकणे, थिजलेल्या बर्फात खोदणे यांसाठी मात्र वर जावेच लागते. त्याची सोय उत्तरकाशीची नेहरू संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था यांच्या अभ्यासक्रमांत होते. मूलभूत अभ्यासक्रम जवळपास चार आठवड्यांचा, त्यानंतर प्रगत, आणि शोध-बचावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम प्रगत पूर्ण केलेल्यांसाठी. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत स्कीचे धडे मिळतात. महाराष्ट्रात पुण्याच्या गिरिप्रेमीशी संलग्न संस्था गिर्यारोहणाचे शिक्षण देते, आणि सह्याद्रीतल्या अपघातांसाठी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने बचाव पथकांचे समन्वय केंद्र चालते.

सह्याद्रीतला जवळचा प्रकार दरडीचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा यंत्रे वर नेता येत नव्हती. आसपासचे लोक आणि गिर्यारोहक पायी चढून पावसात हातांनी माती उपसत होते, मग आपत्ती दलाचे जवान पोचले. चिखलात हवेची पोकळी जवळजवळ राहत नाही, त्यामुळे हिमस्खलनातले मिनिटांचे गणित तिथे तसेच लावता येत नाही. पहिला हात शेजारच्याचा असतो, एवढे मात्र दोन्हीकडे समान. क्रीडाशिक्षक त्यापुढे जाऊन गावातलाच दाखला देतात : पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने खेड्यापाड्यांत आरोग्य कार्यकर्ते घडवले, कारण दवाखाना वेळेत पोचत नव्हता. सुभेदारांना हे पटते. त्यांचा हेका एवढाच की ते कार्यकर्ते रोज तेच काम करत होते, आणि वर्षातून आठ दिवस बर्फ पाहणाऱ्या पोरांचे तसे नाही.

पर्यटकाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तो ना स्कीपटू, ना जवान. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. त्यांना ट्रान्सीव्हर देऊन काही साधले नसते. रस्त्याकडेला थांबून उताराखाली फोटो काढण्याचा मोह टाळणे, स्थानिक प्रशासनाने बंद केलेल्या जागेपलीकडे न जाणे, आणि आपण सपाटीवर आहोत म्हणून सुरक्षित आहोत असे न समजणे एवढेच त्याला शिकायचे असते. वरच्या उताराचा बर्फ सपाटीवर पुष्कळ आत धावतो. गुलमर्गचा गोंडोला ज्या अफरवट डोंगरावर नेतो, तिथे राखलेल्या उतारांबाहेर गेलेल्या स्कीपटूंवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलन आले. पोलंडचे दोन नागरिक मृत्युमुखी पडले, बाकीचे वाचवले गेले. राखलेल्या उतारांची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ दिसायला एकच, पण अलीकडच्या उतारांवर गस्त असते आणि धोका वाढला की ते बंद केले जातात. मुलांना पहिल्यांदा स्कीवर उभे करणाऱ्या पालकांनी एवढा फरक नीट ओळखला तरी पुष्कळ.

सुभेदारांच्या बाजूने एक दाखला उरतो, आणि तो ते आवर्जून देतात. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आले. ५४ कामगार सापडले. लष्कर आणि इतर दलांनी तीन दिवस शोध घेतला, ४६ वाचले, आठ दगावले.

"तिथं कुठं दहा मिनिटं होती? संघटित बचावच कामाला आला."

"ते लोखंडी कंटेनरमध्ये होते, सुभेदारसाहेब. आत हवा होती. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, त्यातले लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत मिळाले. तेही तंबूत हवा राहिली म्हणून. आणि तेही ११ फेब्रुवारीला गेले. हवा असेल तर वेळ मिळतो. उघड्या उतारावर ती नसते."

बाहेर काढल्यावरचा भाग दोघांनाही सारखाच महत्त्वाचा वाटतो. आधी चेहरा, मग छाती मोकळी करायची. उरलेले शरीर नंतर. तोंडात-नाकात बर्फ कोंबलेला आहे का आणि तोंडापुढे पोकळी होती का हे पाहून लक्षात ठेवायचे, कारण पुढे डॉक्टर तेच विचारतात. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणे, नाडी नसेल तर छातीवर दाब. श्वास कोंडल्याने हृदय थांबलेल्याला पहिली गरज हवेची असते. थंड झालेल्या माणसाला उभे करायचे नाही, झटके द्यायचे नाहीत. आडवेच ठेवून, ओले कपडे बदलून, वाऱ्यापासून आडोसा देऊन हलवायचे. एकाहून अधिक जण गाडले असतील तर ज्याचा सिग्नल जवळ आणि वर आहे त्याला आधी. तासाहून जास्त गाडलेला, श्वासमार्ग बर्फाने बंद आणि हृदय थांबलेले, अशा माणसामागे सगळे हात अडकले तर दुसरा वाचण्याजोगा माणूस जातो.

शोध थांबवायचा कधी यावर दोघांचे जमत नाही. क्रीडाशिक्षकांचे म्हणणे, संघटित पथक येऊन ताबा घेईपर्यंत खोदत राहायचे. सुभेदारांचे म्हणणे, वरचा उतार अजून भरलेला असेल तर खोदणाऱ्यांना मागे घेण्याचा हुकूम आधी ठरवून ठेवायचा, आणि तो कोणाच्या तोंडून येणार हेही छावणीतून निघण्याआधीच सांगायचे. प्रशिक्षणाच्या पद्धतीत दुसऱ्या हिमस्खलनावर नजर ठेवणारा एक माणूस बाजूला उभा केला जातो. तो खोदत नाही, हाक आल्यावर कोणत्या बाजूला पळायचे हे तो सगळ्यांना आधीच दाखवून ठेवतो.